अंगण खरेच वाकडे असेल तर?

"नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या हातून काम बिघडले की दोष दुसऱ्यावर ढकलायचा, ही मनुष्याची खोड फार जुनी आहे. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवले आणि हव्वेने सर्पाकडे. तेव्हा म्हण काही खोटी नाही. परंतु तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे. अंगण नेहमी सपाटच असते, असे तिचे म्हणणे आहे. ते खरेच वाकडे असले आणि त्यात नाचणारा पडला, तर दोष कोणाचा? आणि त्या पडलेल्याला, "तुला नाचता येत नाही," असे सांगणाऱ्याला काय म्हणावे?

हा प्रश्न आज आपल्या मंडळीतील कितीतरी लोकांच्या रोजच्या कामाचा झाला आहे. बँकेच्या खिडकीमागे बसणारा कारकून, रुग्णालयात औषधांची नोंद करणारी परिचारिका, शाळेचा हजेरीपट भरणारी शिक्षिका, रेल्वेचे आरक्षण देणारा कर्मचारी, या सर्वांच्या पुढे आता वहीच्या जागी पडदा आहे. पडद्यामागे सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला चालवणारी आज्ञावली आहे. ती कोणी दूरच्या शहरात बसून लिहिली आहे. जो ती लिहितो तो ती वापरत नाही. जो ती विकत घेतो तोही बहुधा वापरत नाही. आणि जो दिवसभर वापरतो त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून "चांगले सॉफ्टवेअर कोणते?" हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. त्यात शेजाऱ्याशी कसे वागावे हा प्रश्न दडलेला आहे, आणि तो ख्रिस्ती माणसाने टाळण्याजोगा नाही.

वापरणाऱ्याला काय चांगले वाटते, ते प्रथम पाहू. पवित्र शास्त्रात याचे एक सुंदर उदाहरण आहे. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौल राजाने स्वतःचे चिलखत, शिरस्त्राण आणि तलवार दिली (१ शमुवेल १७). राजाची ती सामग्री राज्यातली उत्तम असणार, यात शंका नाही. दावीदाने ती अंगावर चढवून पाहिली, चालून पाहिले, आणि आपल्याला याची सवय नाही असे सांगून उतरवून ठेवली. चिलखतात खोट नव्हती. पण ते इस्राएलातील सर्वांत उंच माणसाच्या मापाचे होते आणि घालायचे होते एका मेंढपाळाच्या पोराला. शौलाची एक गोष्ट मात्र वाखाणण्याजोगी आहे. चिलखत नाकारले म्हणून तो रागावल्याचे शास्त्र सांगत नाही. आपल्या कचेऱ्यांतील किती वरिष्ठांविषयी असे म्हणता येईल?

फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार आज्ञावल्या आणि एकूण १५२ वापरणारे घेऊन त्यांनी तपासले की, माणूस एखादी आज्ञावली आपलीशी करतो ती कशाच्या बळावर. दोन गोष्टी पुढे आल्या: ती कामाला उपयोगी पडते असे वाटणे आणि ती हाताळायला सोपी आहे असे वाटणे. या दोहोंत उपयोगाचे पारडे जड निघाले. काम होत असेल तर माणूस थोडी अडचण सोसतो. काम होत नसेल तर नुसता सोपेपणा त्याला धरून ठेवत नाही. कामकरी माणूस आळशी नाही, हेच यावरून दिसते. त्याला काम करायचे आहे.

दुसरा दाखला १९७९ सालचा. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी 'व्हिझिकॅल्क' नावाची आज्ञावली तयार केली. तिने पडद्यावर हिशेबाचा तक्ताच मांडला. तेच उभे रकाने, त्याच आडव्या ओळी. पण एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलत. ज्यांनी एका चुकीपायी अख्खे पान खोडून रात्री जागवल्या होत्या, त्या हिशेबनिसांना तिची थोरवी कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्या कामाची रीत तिने मोडली नाही. त्या रीतीतले कष्ट तेवढे काढून घेतले. आपल्याकडे १९८५ साली दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण सुरू झाले, तेव्हा प्रवाशांनाही असाच अनुभव आला. पूर्वी वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगवेगळ्या वह्या आणि त्यांच्या वेगवेगळ्या खिडक्या असत. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. चांगल्या साधनाची ही खूण आहे. ते आपल्याकडे लक्ष वेधून घेत नाही, कामाकडे लक्ष लागू देते.

आता वाकड्या अंगणाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची 'बी-१७' जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक चाकेच वर ओढून घेई. विमान पोटावर आपटे. कागदावर कारण लिहिले जाई, 'वैमानिकाची चूक'. अल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विमानात डोकावून पाहिले. पंखांच्या झडपा मिटण्याची कळ आणि चाके वर घेण्याची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या होत्या. थकलेला हात एकीऐवजी दुसरीवर जाई. ज्या विमानांत त्या कळा निराळ्या ठिकाणी होत्या, तेथे हा अपघात होत नसे. त्याने उपाय केला तो अगदी साधा. चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक बसवले आणि झडपेच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही दिसले की असल्या कित्येक चुकांचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे. अंगण वाकडे होते आणि कोणी तरी ओळंबा लावून पाहण्याची गरज होती.

मोशेच्या नियमशास्त्रात याला लागू पडणारी एक आज्ञा आहे, ती आपण बहुधा वाचून पुढे जातो. नवे घर बांधताना धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल (अनुवाद २२:८). या आज्ञेत पडणाऱ्याच्या सावधपणाची चौकशी नाही. तो धांदरट होता का, त्याने खाली पाहिले होते का, हे देव येथे विचारत नाही. धाब्यावर माणसे चढणार, त्यांत मुले असणार, म्हातारे असणार, रात्र असणार, आणि कधी ना कधी कोणाचा तरी पाय चुकणार. हे बांधणाऱ्याने आधीच जाणले पाहिजे. कठडा ही शेजाऱ्यावरील प्रीतीच आहे, दगडमातीत बांधलेली. लेवीय १९:१४ मध्ये आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे, तिचाही रोख तोच. ज्याला आपण केलेली वस्तू आतून दिसत नाही, तो तिच्यापुढे आंधळाच असतो.

येथे कोणी म्हणेल, "अशाने मग प्रत्येक बेफिकीर माणसाला सबब सापडेल. कामचुकार कारकून म्हणेल, संगणकाचाच दोष." ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. लहान गोष्टींत विश्वासू असावे, हे प्रभूने शिकवले आहे. कठडा बांधला म्हणून धाब्यावर धिंगाणा घालण्याची मोकळीक मिळत नाही. परंतु दोन प्रकारच्या चुकांत भेद करता येतो. एकच माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्या माणसाकडे पाहावे. पण वेगवेगळी माणसे, वेगवेगळ्या गावी, एकाच जागी अडखळत असतील, तर त्या जागेकडे पाहावे. एवढे पाहण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. फक्त अडखळणाऱ्यांचे ऐकावे लागते आणि त्यांची बेरीज करावी लागते.

ती बेरीज केली नाही तर काय होते, याचे भयंकर उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकयंत्रणा बसवली. खेडोपाडी दुकानातच पोस्टाची खिडकी चालवणारे उपपोस्टमास्तर, कित्येकदा नवराबायको मिळून, ती वापरू लागले. संध्याकाळी हिशेब जुळेना. हातातली रोकड आणि पडद्यावरची रक्कम यांत हजारो पौंडांची तफावत दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरायची होती. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना सांगण्यात आले की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. कोणी साठवलेली पुंजी ओतली, कोणी घर गहाण टाकले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक लोक चोरी, लबाडी किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले; त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. दुकाने गेली, गावात मान गेला, संसार मोडले. या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीचा पहिला अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. निदान तेरा जणांनी यापायी आपला जीव घेतला असण्याचा संभव आहे, असे त्यात म्हटले आहे.

ॲलन बेट्स या उपपोस्टमास्तराच्या पुढाकाराने ५५५ जण न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की यंत्रणेत दोष होते आणि त्यांमुळे शाखांचे हिशेब चुकू शकत होते. ती तयार करणाऱ्या फुजित्सू कंपनीच्या माणसांना दुरूनही शाखांच्या नोंदींत फेरफार करता येत होते, ही गोष्ट पोस्ट ऑफिसने वर्षानुवर्षे नाकारली होती. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो जणांना एकदम निर्दोष ठरवले.

या यंत्रणेतील दोन गोष्टी आपल्या विषयाला फार जवळच्या आहेत. पहिली डाल्मेलिंग्टन या स्कॉटलंडमधील गावाची, २०१५ सालची. तेथे शाखेत आलेल्या ८,००० पौंडांची नोंद करताना पडदा पुढे सरकेना. तेव्हा तीच कळ पुन्हा दाबली गेली. कोणीही तेच केले असते. यंत्रणेने मात्र प्रत्येक वेळी नवी नोंद केली आणि ८,००० चे ३२,००० झाले. न आलेले २४,००० पौंड शाखेच्या नावे लागले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हिशेब जुळल्याचे मान्य केल्याशिवाय पुढच्या मुदतीचे काम सुरू करता येत नसे आणि "मला ही तूट मान्य नाही" असे म्हणायला त्या पडद्यावर जागाच नव्हती. निरपराध माणसापुढे दोनच वाटा होत्या: न घेतलेले पैसे भरणे किंवा खोट्या आकड्याला होकार देणे. ज्यांनी दुसरी वाट धरली, त्यांच्यावर त्या होकारावरूनच खोट्या हिशेबाचा आरोप ठेवला गेला. प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहण्याची वाटच न ठेवणारे साधन! नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट असल्याचे सांगितले आहे. खोटा तराजू दांडी मारणाऱ्या वाण्याकडेच असतो असे नाही, हे आपण येथे शिकतो.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडच्या कायद्यात पूर्वी असे कलम होते की संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा असेल, तर संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या एका कायद्याने ते कलम काढून टाकले. तेव्हापासून संगणक बरोबरच असतो असे न्यायालये धरून चालू लागली. म्हणजे माणसाने आपला निरपराधीपणा सिद्ध करावा आणि यंत्राने काहीच सिद्ध करू नये. नियमशास्त्र असे सांगत नाही. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये आणि न्यायाधीशांनी नीट चौकशी करावी, असे अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात म्हटले आहे. यंत्र हा फार तर एक साक्षीदार आहे. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून त्याची साक्ष अधिक खरी ठरत नाही. उलट तिच्याविषयी अधिक जपायला हवे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण जिभेसाठी आहे असे समजतो. पण जो खोटे बोलणारे यंत्र जाणूनबुजून साक्षीला उभे करतो, तोही तीच आज्ञा मोडतो.

तेव्हा वापरणारा जेव्हा एखाद्या साधनाला 'चांगले' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात तीन गोष्टी असतात असे मला वाटते. पहिली ही की, साधनाने त्याला समजेल असे खरे सांगावे. १९८५ ते १९८७ या काळात 'थेरॅक-२५' नावाच्या, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राने उत्तर अमेरिकेत सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली आणि त्यांतले काही दगावले. त्यांतील एका प्रसंगी पडद्यावर उमटले होते, 'बिघाड ५४'. याचा अर्थ काय, हे चालवणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. असले संदेश रोज कितीतरी येत आणि एक कळ दाबून काम पुढे चालवता येई. ज्या इशाऱ्याचा अर्थ कळत नाही आणि जो उठल्यासुटल्या येतो, तो इशारा राहत नाही.

दुसरी गोष्ट, चूक झाल्यास ती दुरुस्त करता यावी. जुन्या हिशेबनिसाची पद्धत पाहा. तो चुकीचा आकडा खरवडून काढत नसे. त्यावर एक रेघ मारी, वर बरोबर आकडा लिही आणि बाजूला सही करी. चूकही दिसे, दुरुस्तीही दिसे आणि ती कोणी केली हेही दिसे. यात चुकलेल्या माणसाला परत उभे राहण्याची संधी आहे आणि सत्याशी तडजोड नाही. कृपा आणि सत्य यांचा असा मेळ एका साध्या खातेवहीत सापडतो. तो महागड्या यंत्रणेत का सापडू नये?

तिसरी गोष्ट, वापरणाऱ्याचे ऐकून घेणारे कोणी असावे. नॉर्वेत १९७० च्या सुमारास क्रिस्टेन निगार्ड या संगणकतज्ज्ञाने लोखंड आणि धातुकामगारांच्या संघटनेबरोबर बसून काम सुरू केले, ते याच विचाराने. पुढे १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियात 'यूटोपिया' नावाच्या प्रकल्पात छापखान्यातील कामगार आणि संगणकाचे जाणकार एकत्र आले. यंत्र तयार होण्याआधीच त्यांनी लाकूड, पुठ्ठा आणि कागद यांची नकली यंत्रे मांडली. त्यांपुढे उभे राहून कामगारांनी आपले रोजचे काम करून दाखवले. पुठ्ठ्याच्या खोक्यापुढे अनुभवी कामगार जे बोलू शकतो, ते जाडजूड अहवालापुढे बोलू शकत नाही. दावीदाला चिलखत घालून चालून पाहू देणे ते हेच.

हे सर्व दूरदेशींचे झाले. आपल्या घरचे काय? मंडळीच्या जमाखर्चात चार रुपये कमी आले तर आपण प्रथम खजिनदाराकडे पाहतो की पावतीपुस्तकाच्या रचनेकडे? बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या लोकांना ठाऊक आहे की नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या मराठी रीतीला परप्रांतीच्या छापील अर्जात नीट जागा मिळत नाही. मग बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि अर्ज नाकारला गेला की ओशाळायचे मात्र आपण. आता मंडळ्यांतही सूचना, वर्गणी, उपासनेचा क्रम, सारे मोबाईलवर येऊ लागले आहे. हे ठरवताना बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजीबाईला कोणी विचारले का? तिला ते जमले नाही तर, "आजी, सोपे तर आहे," असे म्हणून आपण तिलाच अडाणी ठरवतो. परूशी लोक जड ओझी बांधून माणसांच्या खांद्यांवर देत आणि स्वतः बोट लावत नसत, असे प्रभूने त्यांच्याविषयी म्हटले. ओझे बांधणाऱ्याने ते एकदा तरी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहावे, एवढाच त्याचा आजचा अर्थ घेतला तरी पुष्कळ.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. कठड्याची आज्ञा मुलांना जरूर शिकवा. धाबे म्हणजे काय, पूर्वी लोक तेथे का निजत, हे सांगा आणि मग विचारा, "तुम्ही केलेली कोणती वस्तू दुसरा वापरतो?" कोणी सांगेल, दाराजवळ मी चपला टाकतो, कोणी सांगेल, मी फळ्यावर गृहपाठ लिहिते. आज जी मुले आपल्या वर्गात बसली आहेत, त्यांतली कित्येक पुढे पुणे, बंगलोर आणि हैदराबादच्या कचेऱ्यांत आज्ञावल्या लिहिणार आहेत. त्यांनी लिहिलेल्या ओळी त्यांना कधीच न दिसणाऱ्या एखाद्या पोस्टमास्तराच्या, परिचारिकेच्या, हिशेबनिसाच्या पुढे उभ्या राहणार आहेत. तो न दिसणारा माणूस आपला शेजारी आहे, एवढे त्यांच्या मनावर आताच बिंबले पाहिजे.

म्हण चुकीची नाही. ती स्वतःला लावण्यासाठी आहे. आपण पडलो की प्रथम आपल्या पायांकडे पाहावे. दुसरा पडला की मात्र प्रथम त्याला हात द्यावा आणि मग खाली वाकून अंगण पाहावे.